हायवेला चाक न लावता

निशिगंधाने वाकून जमिनीवर पांढऱ्या फक्कीचा आणखी एक बाण काढला, कंबर सरळ केली आणि सहज मागे वळून पाहिलं. मागचा बाण नव्हता. त्याच्या मागचाही नव्हता. बांधावरून एक तरुण निवांत चालत येत होता आणि चालता चालता पायाने मुरूम ओढून तिचे बाण बुजवत होता.

“अहो! काय करताय तुम्ही?”

“पुसतोय.” तो थांबलाही नाही. “तुम्ही काय करताय?”

“काढतेय.”

“मग बरोबर हाय. दोघांनाबी काम हाय.”

जानेवारीतली सकाळ होती. गडब गावाच्या मागे खाडीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. बांधाच्या एका अंगाला चिखलात बगळे उभे होते, दुसऱ्या अंगाला भात कापलेल्या शेतांत वाल फुलावर आला होता. निशिगंधाचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. त्याच हाताने तिने कपाळावरचे केस मागे सारले, आणि तो हसला.

“हसण्यासारखं काय आहे?”

“काय नाय. आता कपाळावरबी बाण आलाय.” मग तो जरा गंभीर झाला. “रागावू नका. पण मागं एकदा अशाच सफेद खुणा पडल्या होत्या. मग मोजणीवाले आले, मग रस्ता आला. काकाची सगळी भातशेती गेली त्यात. आता गावात चुना दिसला की चूल पेटत नाय. आई सकाळी शेतावर आली, तुमचे बाण बघून गेली, तवापास्नं ओटीवर बसून हाय. बोलत नाय कुणाशी.”

निशिगंधाच्या हातातली पिशवी खाली आली. हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“मी... सायकलवाल्यांसाठी काढत होते,” ती म्हणाली. “पेणहून रोह्याला जायचंय. हायवेला चाक न लावता.”

हे शेवटचे शब्द तिच्या बाबांचे होते. दत्तात्रेय दर रविवारी सायकलवरून रोह्याच्या अलीकडे अष्टमी गावात बहिणीकडे जायचे, आणि हायवेला चाक न लावता जायचं हा त्यांचा हट्ट. बांधावरून, मिठागरांच्या कडेने, पुढे रुळांशेजारून आणि शेवटी कालव्याच्या मुरमाड वाटेने. ना हॉर्न, ना ट्रक. गेल्या पावसाळ्याआधी ते गेले. आता त्यांच्या सोबतची मंडळी त्यांच्या आठवणीत त्याच वाटेने एकदा जाणार होती, आणि वाट दाखवायची होती लेकीने.

“मग तुम्हाला वाट ठाऊक असंल,” तो म्हणाला.

“शाळेत होते तेव्हापासून जातेय.”

“हा बाण तर उघाडीकडं नेतोय.” त्याने बोट दाखवलं. पुढे बांध तुटल्यासारखा होता आणि भरतीचं पाणी अडवणारं जुनं लाकडी दार दिसत होतं. “भरती आली की तुमची मंडळी सायकलीसकट खाडीत.”

तिने त्या दाराकडे पाहिलं, मग आपल्या बाणाकडे.

“मी नेहमी बाबांच्या मागे असायचे,” ती हळूच म्हणाली. “त्यांच्या पाठीकडे बघत चालवायचे. वाट... कधी बघितलीच नाही.”

वाकून त्याने फक्कीच्या पिशवीचं तोंड बांधलं आणि ती तिच्या सायकलच्या कॅरियरला अडकवली.

“रविवारी या. मी दाखवतो. पण खुणा नाय करायच्या. डोक्यात ठेवायची वाट.”

त्याचं नाव हितेश. नागोठण्याजवळ कंपनीत शिफ्टला जायचा, उरलेल्या वेळात शेत बघायचा. त्याच्या सायकलचा मडगार्ड असा खडखडायचा की बगळे आधीच उडून जायचे. तो वाट शिकवायचा ती तऱ्हाही निराळी. “इथं ह्या उंच भेंडीच्या झाडाला डावं.” “मिठाचा वास सुटला की उजवं.” “आता पाण्याचा आवाज येतोय ना? तो डाव्या कानाला ठेवायचा.” निशिगंधा डोळे मिटून वास घ्यायची, कान द्यायची. बाबांनाही असंच कळत असेल, असं तिच्या मनात यायचं, आणि ते दुखायचं, पण कमी.

“पेणात काय करता?” त्याने एकदा विचारलं.

“काकांच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखते.”

“आणि माणसांच्या डोळ्यांत बघायची सवय नाय वाटतं.”

“मूर्ती पापणी हलवत नाही. तुम्ही फार हलवता.”

हितेशने जोरात पॅडल मारलं, आणि मडगार्डच्या खडखडाटाने पुढचे बगळे उडाले.

रविवार सरत गेले तसं तिच्या एक लक्षात आलं. एकेक वळण पाठ होत होतं, म्हणजे एकेक रविवार कमी होत होता. सगळी वाट आली की मग इकडे यायचं कारण काय? मग एका रविवारी भेंडीच्या झाडापाशी ती खुशाल उजवीकडे वळली. हितेश मुकाट्याने मागून आला. पुढे चिखल लागला, चाक रुतलं, तेव्हा तो म्हणाला, “चुकलात.”

“चुकले.”

“गेल्या रविवारी इथंच बरोबर वळला होतात.”

“विसरले.”

“मग... परत यावं लागंल.”

“यावं लागेल,” ती म्हणाली आणि चाक उचलायला खाली वाकली, तोंड दिसू नये म्हणून.

वाट हितेशच्या अंगणातूनच जायची. अंगणात त्याची आई, बायजा, चटईवर वाल पसरत होती. बाणांचा उलगडा झाल्यावर तिची धास्ती गेली होती.

“सांभाळून गो पोरी, वालावरनं चाक नको नेऊस. आणि काय रे हितेश, हिला दर वेळेला घरावरनं कशाला फिरवतोस? बांधावरनं सरळ हायवेखालच्या मोरीत वाट जाते की. हिचे बाबा तिकडनंच जायचे. पाणी मागायचे माझ्याकडं शेतावर, दोन गोष्टी बोलायचे. चांगला माणूस. ते नाय कधी अंगणातनं गेले.”

हितेशचे कान लाल झाले. “आई, तू वाल बघ.”

“वालबी बघतेय न तुलाबी बघतेय.”

मोरीपर्यंत दोघं एकमेकांकडे न बघता आली. डोक्यावरून हायवेची घरघर जात होती, खाली गार सावली होती.

“लांबून नेत होतात मला?” निशिगंधाने विचारलं.

“तुम्ही मुद्दाम चुकत होतात?”

मोरीत दोघांचं हसू घुमलं. मग हितेश चाकाकडे बघत म्हणाला, “रविवारी मंडळी येतील ना... मला फर्स्ट शिफ्ट हाय. बदलून नाय मिळाली.”

“खुणा नाहीत, तुम्हीही नाही...”

“वाट हाय. तुम्हाला येते ती. मला ठाऊक हाय.”

त्या रविवारी धुकं दाट होतं. मागे सायकलींची रांग, पुढे कुणीच नाही. फाट्यावर मागून कुणी विचारलं, “डावीकडे ना?” तिचे हात ब्रेकवर घट्ट झाले. ती थांबली. वारा खाडीकडून आला, त्यात ओलं, खारट काहीतरी होतं. “नाही. उजवीकडे,” ती म्हणाली. पुढे मोरीपाशी बायजा कळशी घेऊन उभी होती. मग रूळ आले, मग कालवा आला, आणि पाण्याचा आवाज डाव्या कानाशी लागला तो थेट कुंडलिका नदीच्या अलीकडे, आत्याच्या दारापर्यंत.

आत्याने सायकलच्या हँडलवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली. निशिगंधाने तिला जवळ घेतलं. मंडळी चहा घेऊन पूल ओलांडून रोह्याला स्टेशनकडे गेली. ती मात्र ओट्यावर बसून राहिली. वाट पुरी झाली होती. मोकळं वाटत होतं, आणि त्याहून जास्त रिकामं.

दुपार कलली तेव्हा मडगार्डचा खडखडाट आला. कंपनीचा निळा शर्ट घामाने भिजला होता.

“एवढ्या लवकर?” ती उठून उभी राहिली.

“हायवेनं आलो,” तो धापा टाकत म्हणाला. “पोचलात?”

“पोचले. एकदाही चुकले नाही.”

“छान झालं.” त्याने मान खाली घातली. पायाने उगाच पॅडल फिरवलं. “मग आता... माझं काम संपलं म्हणायचं.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. या वेळी पापणी तिने हलवली नाही.

“हो, संपलं. वाट मला आता अंधारातही येईल, हितेश. पुढच्या रविवारी मला कुणी काही शिकवायचं राहिलेलं नाही. तरी मी येणार आहे... आणि तरी तू ये.”

त्याचं पॅडल थांबलं. त्याने सायकल ओट्याला टेकवली.

“कोण आलंय गो?” आत्याने आतून विचारलं.

“माझ्याकडे आलाय,” निशिगंधा त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली. “चहा टाक आत्या. आणि जेवायला वाढ... उपाशी आलाय तो.”