हेमांगीताईंचा गुडघा

सकाळी साडेसात वाजता हेमांगी डुबल ओट्यापाशी उभी राहिली आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून, लाइव्ह बघणाऱ्या चार हजार बायकांसमोर कोमट पाण्यातून चूर्ण प्यायली. थोड्याच वेळात पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला. तो उमटेपर्यंत कोणी काही लिहीत नसे. उमटला की मात्र 'ताई, तुम्ही खऱ्या' असे संदेश धावू लागत.

ठिपका साक्षपट्टीचा होता. नखाएवढी पातळ पट्टी, एक मनगटावर आणि एक दुखऱ्या जागी चिकटवायची. पोटात काय गेलं ते मनगटावरची पट्टी घामातून ओळखायची आणि सूज किती ते दुसरी मोजायची. साखळी विक्रीतल्या थापांना कंटाळून सरकारने तीन वर्षांपूर्वी नियमच केला होता, की जे आपण स्वतः वापरतो तेच विकायचं आणि पट्टीच्या साक्षीने विकायचं. तेव्हापासून भाड्याच्या गाडीपुढे फोटो काढून यशाच्या गोष्टी सांगणाऱ्यांची पंचाईत झाली. कराडच्या शनिवार पेठेतल्या, घरच्या गाऊनवरच बोलायला उभ्या राहणाऱ्या पन्नाशीच्या हेमांगीचं मात्र नशीब उघडलं.

वर्षापूर्वी तिचा उजवा गुडघा जिना चढू देत नव्हता. आता सूज निम्म्याने उतरली होती. सुजेची ती उतरती रेषा बायका पोरांच्या मार्कांसारखी कौतुकाने बघायच्या आणि चूर्ण मागवायच्या. हेमांगीला हे फार आवडायचं. आणि का आवडू नये? उभ्या जन्मात तिला कोणी इतकं विचारलं नव्हतं. गावातली चूर्णाची खोकी ती स्वतः पोचवायची. स्कूटर बंद पडल्यापासून पायीच जायची, घरटी चहा घ्यायची, सगळ्यांची खबरबात घ्यायची आणि दुपारी एकला घरी यायची.

मग चूर्णाच्या कंपनीने तिला 'रत्न' हा सगळ्यात वरचा दर्जा द्यायचं ठरवलं. त्यासाठी वर्षभराचा तासवार आलेख पाहून सही करायची होती. दुसरं कोणी न बघताच सही करून मोकळं झालं असतं. पण हेमांगीने अठरा वर्षं पाटबंधारे खात्यात कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवल्या होत्या. रेषा वाचल्याशिवाय सही करणं तिच्या हाताला जमतच नव्हतं.

चष्मा लावून तिने दुपारभर ती रेषा वाचली आणि तिचा चेहरा उतरला. सकाळी चूर्ण घेतल्यावर सूज ढिम्म हलत नव्हती. उतरायची ती अकरा ते एकच्या दरम्यान, म्हणजे ती खोकी पोचवत फिरायची तेव्हा. कंपनीच्या पुण्यातल्या शिबिरात ती आठवडाभर खुर्चीत बसून होती आणि चूर्ण दिवसातून दोनदा घेत होती. त्या आठवड्यात सूज चक्क वाढली होती. पट्टी खोटं बोलली नव्हती. चूर्ण पोटात गेलं आणि गुडघ्याची सूज उतरली, एवढंच तिने सांगितलं होतं. या दोन्हींची गाठ हेमांगीने स्वतःच मारली होती.

त्याच संध्याकाळी तबस्सुम मुल्ला जिना धापा टाकत चढून आली. तिने हेमांगीचं बघूनच चूर्ण सुरू केलं होतं.

"ताई, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सोडून दिली मी," ती खुशीत म्हणाली. "डॉक्टरांना म्हटलं, आमच्या हेमांगीताईंचा गुडघा बघा, मग बोला."

तबस्सुम गेल्यावर हेमांगीने, तिला या साखळी विक्रीत आणणाऱ्या पुण्याच्या प्राजक्ता मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अहो ताई, पट्टी हिरवी आहे ना? मग तुम्ही खोटं कुठे बोलताय?" मॅडम समजुतीने म्हणाल्या. "आपण अस्सल राहायचं, हेच तर आपलं ब्रँडिंग आहे."

"तेच करायचं म्हणतेय मी, मॅडम."

"रत्न जाईल हं."

"जाऊ दे. तबस्सुमचा पाय जायला नको."

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती चूर्ण प्यायली नाही. नुसती रेषा दाखवली. "सूज उतरली, हे खरं. ती चूर्णाने उतरली, हे मी माझ्या मनाने जोडलं होतं. चुकले मी. कोणी माझं बघून डॉक्टरांना नाही म्हटलं असेल, तर आज परत जाऊन या."

एकीने लिहिलं, 'आधी विकलं आणि आता शहाणपण.' हेमांगीने ते मोठ्याने वाचलं आणि "बरोबर आहे," म्हणाली. तिला शरम वाटत होती, डोळेही भरून आले. तासाभरात निम्म्या बायका गेल्या आणि संध्याकाळपर्यंत रत्नही गेलं. त्या दिवशी तिला कडकडून भूक लागली आणि जेवून ती छान झोपली.

तबस्सुम दोन दिवस फुगून बसली. मग ऑपरेशनची नवी तारीख घेऊन आली. तोवर सपाटीवर हळूहळू चालायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून दोघी रोज नदीकाठच्या रस्त्याने निघू लागल्या. आठवड्यात आणखी पाच जणी आल्या. सुना, सासवा, कुणाची लग्नं, कुणाची फजिती, सगळं निघायचं आणि हसून हसून मध्येच थांबावं लागायचं.

तीन आठवड्यांनी तबस्सुमने, चालणं सुरू करताना स्वतःच्या गुडघ्यावर लावलेल्या पट्टीची रेषा पुढे धरली. ती थोडी, पण नक्की उतरली होती.

"आता सांगा लाइव्हला, चालण्याने सूज उतरते म्हणून!"

हेमांगीने हौसेने तोंड उघडलं आणि मिटलं. "चालण्याने, की इतकं हसण्याने गं? घरोघरी चहाला बसायचे तेव्हाही मी गप्प कुठे असायचे?"



"मग उद्या तोंड बंद ठेवून चालून बघायचं का?" तबस्सुमने विचारलं. "पण ताई, जमेल का हो आपल्याला?"