उभे राहा म्हणजे थांबा

ट्रेमध्ये नऊ वस्तू होत्या. मोटरसायकलची किल्ली एक, घड्याळ एक, पट्टा एक, मोबाइल एक, पेनं दोन, सेफ्टी पिन एक, वीतभर लांबीची स्टीलची फूटपट्टी एक आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर एक.

इराने त्या एकेक करून फॉर्मवर उतरवल्या. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येकाच्या अंगावरचं लोखंड असं काढून घ्यावंच लागे. पण आजवर आलेल्या तेवीस जणांपैकी एकाच्याही खिशातून व्हर्नियर निघाला नव्हता.

"रविवारीसुद्धा मोजमाप?" तिने विचारलं.

"मकरपुऱ्याच्या कारखान्यात बेअरिंग तपासतो, मॅडम. माणसं पाकीट विसरतात, मी हा विसरत नाही." तो हसला. "केसाच्या जाडीचाही फरक चालत नाही आमच्यात."

त्याचं नाव अनुप. कऱ्हाडचा. बडोद्यात येऊन चारच महिने झाले होते. कंपनीच्या कँटीनमध्ये 'संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत' असा कागद पाहून तो आला होता. इराच्या यादीत त्याचा नंबर चोविसावा आणि शेवटचा.

इराला पीएच.डी.साठी मानसशास्त्राची फेलोशिप होती. विषय – उतावळेपणा. पडद्यावर हिरवं वर्तुळ आलं की बटण दाबायचं, लाल आलं की हात आवरायचा. आणि तो हात आवरताना मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त धावतं, ते यंत्राने टिपायचं. घरी, दांडिया बाजारात, तिच्या विषयाला 'गुडघ्याचं बाशिंग' असंच नाव पडलं होतं. वडील रोज विचारत, "काय, कुठवर आलं बाशिंग?" थट्टा सोडली तर प्रश्न खरा होता. डिसेंबरअखेर समिती बसणार होती. चोवीस जण पुरे झाले तरच शेवटच्या वर्षाची फेलोशिप मिळणार होती.

अनुप यंत्रात शिरला. काचेपलीकडून आता त्याचे फक्त पाय दिसत होते. निळे मोजे, डाव्या अंगठ्याशी एक भोक. इरा ते भोक पाहत होती... आणि तेवढ्यात त्याचा हात हळूच नाकाकडे सरकू लागला. नाक खाजत असणार! इराने घाईघाईने माइकचं बटण दाबलं.

"उभे राहा! उभे राहा!"

आतून 'टक्' असा आवाज आला. मग एक लांबलचक "आई गं..."

बाहेर आला तेव्हा कपाळावर लाल वळ होता.

"मॅडम, तुम्हीच मला झोपवलंत, डोक्याभोवती पिंजरा लावलात, आणि वर म्हणता उभं राहा?"

"अहो, उभे राहा म्हणजे थांबा!"

"कुठल्या देशात?"

"बडोद्यात," इरा म्हणाली, आणि तिचे कान तापले. गुजरातीत 'ऊभा रहो' म्हणजे थांबा. तीन पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरात कुणी 'थांबा' म्हणतच नसे. रिक्षाला, दूधवाल्याला, पाहुण्यांना – सगळ्यांना 'उभे राहा'. आपण अर्धं गुजराती बोलतो हे तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं.

यंत्र चालवणाऱ्या शालिनीबेननी पडद्यावरचा आकडा वाचला. "अकरा मिलिमीटर हलला छे. गेलं बधुं, सगळं फुकट."

मर्यादा दोन मिलिमीटरची होती.

"अकरा?" अनुप कळवळला. "आमच्याकडे अकरा मिलिमीटर चुकला तर माणसाला वेशीबाहेर काढतात." मग इराचा उतरलेला चेहरा त्याने पाहिला. "मी पुन्हा येईन. चालेल ना?"

"तीन आठवड्यांनी. मधे अंतर ठेवावं लागतं."

"तोवर एखादा चहा? कपाळाची भरपाई म्हणून..."

"नाही." उत्तर फारच चटकन आलं. "म्हणजे... नियम आहे. संशोधकाची आणि स्वयंसेवकाची ओळख नसावी. ओळखीचा माणूस समोरच्याला बरं वाटावं म्हणून जास्त सांभाळून बटण दाबतो. मग मोजलेलं खरं राहत नाही."

"बरोबर आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "हात लावला की बेअरिंगही तापतं, माप बदलतं." दाराशी जाऊन तो वळला. "मग तीन आठवडे आपण एकमेकांना ओळखत नाही."

"नाही ओळखत."

"इतकं ठरवून अनोळखी तर मी आजवर कुणाशीच झालेलो नाही, मॅडम."

शालिनीबेन फाइलीत तोंड घालून हसत होत्या.

आठवड्याभराने इरा संध्याकाळी दांडिया बाजारातल्या सेव-उसळीच्या गाडीपाशी गेली, तर समोर तोच! हातात वाफाळती बशी, डोळ्यांत तिखटाचं पाणी. त्याने तिला पाहिलं, दचकला आणि शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. इराने मान खाली घातली. तरी नजर गेलीच – त्याचा एक हात पाठीमागे होता, आणि त्या हाताची दोन बोटं वर.

दोन आठवडे उरले.

तिला हसू आवरेना. उसळ न घेताच ती घरी आली आणि आईने विचारल्यावर म्हणाली, "गर्दी होती." गाडीवर त्या वेळी चार माणसं होती.

पुढच्या आठवड्यात तिने गाडीकडे फिरकायला नको होतं. पण ती त्याच वेळी पुन्हा गेली. भिंतीकडे तोंड केलेली तीच पाठ, आणि या वेळी एकच बोट.

तिसऱ्या रविवारी ट्रेमध्ये पुन्हा नऊ वस्तू. मोजे मात्र नवे होते.

इराने लिहिलेल्या सूचना वाचायला घेतल्या. तीच वाक्यं तिने तेवीस जणांना वाचून दाखवली होती; आज दुसरीच ओळ तिने दोनदा वाचली. तो मात्र दगडासारखा पडून होता. हिरवं, हिरवं, लाल... हिरवं, लाल... एकाही लालवर त्याने बटण दाबलं नाही. शालिनीबेननी आकडा पाहून भुवया उंचावल्या. शून्य पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर. चोवीस जणांत सगळ्यांत कमी.

यंत्र थांबलं. आतून आवाज आला, "मॅडम... आता ओळख करून घ्यायची का?"

इराचं बोट माइकच्या बटणावर होतं. समोर सूचनांचा कागद होता. तिने कागदावरचं शेवटचं वाक्य वाचलं.

"आपला सहभाग संपला. धन्यवाद."

मग तो बाहेर आला, पट्टा बांधला, घड्याळ घातलं, सगळ्या वस्तू खिशांत भरल्या. "येतो," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न उरला होता. तो संशोधकाने भरायचा असे. 'स्वयंसेवकाशी वैयक्तिक ओळख : आहे / नाही.' तेवीस वेळा तिने न वाचताच 'नाही'वर खूण केली होती. आजही केली की चोवीस पुरे. समिती, वर्ष, प्रबंध...

पण पाठीमागची ती दोन बोटं? न खाल्लेली उसळ? इतक्या सांभाळून दाबलेलं – आणि न दाबलेलं – बटण?

पेन थांबलं. मग तिने खूण केली.

"अरे पागल थई छे?" शालिनीबेन ओरडल्या. "इतका सरस स्कॅन!"

इरा फॉर्म घेऊन जिन्यावरून धावत सुटली होती. खाली मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी फाटकाबाहेर वळतच होती.

"अहो – उभे राहा! उभे राहा!"

ब्रेक करकचून लागला. अनुपने गाडी स्टँडला लावली आणि ताठ उभा राहिला.

"थांबू, की नुसता उभा राहू?"

"दोन्ही!" तिला धाप लागली होती. तिने फॉर्म पुढे केला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाला, "पण मग... माझा स्कॅन?"

"बाद."

"आणि तुमचं वर्ष?"

"माहीत नाही." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "पण मोजलेलं खरं असायला हवं ना?"

"मी दुसरा कुणी आणून देतो. आमच्या खात्यात चाळीस जण आहेत –"

"मशीनचा वेळ आजपर्यंतच होता."

त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं. "केव्हापासून आहे ही... ओळख?"

"दोन बोटांपासून," इरा म्हणाली. "आणि तुमची?"

"माझी तर अकरा मिलिमीटरपासून." तो हसला. "आता चहा?"

"आता चहा."

इराचे मार्गदर्शक सदानंद सर यांनी समितीला पत्र लिहिलं. समितीने चोविसावा का वगळला ते दोनदा विचारलं आणि वर्षाऐवजी सहा महिने दिले. इराने त्यातच काम बसवलं. दोघांच्या लग्नाला आठ दिवस उरले असताना प्रबंध छापून आला. अनुपने स्टीलची फूटपट्टी काढून प्रत्येक पानाचा समास तपासला आणि तक्ता दोनच्या खालची ओळ मोठ्याने वाचली.

'एकूण स्वयंसेवक : २४. वगळलेले : १. कारण : वैयक्तिक ओळख.'