सात नंबरची सोपी वाट

व्हेरा हॅटर्सलीनं गुरुवारी दुपारी बारा वाजता थर्मासमध्ये चहा भरला, चीज आणि लोणच्याची सँडविचेस कागदात गुंडाळली आणि बूट चढवले. कौन्सिलचा साहेब वाट बघायला येणार होता. बघायला म्हणजे स्वतः चालायला. तीन वर्षं अर्ज खरडून बाईची बोटं झिजली, तेव्हा कुठे हा दिवस उगवला होता.

वाट तशी साधीच. व्हेरानं फिरायला येणाऱ्यांसाठी जे पत्रक छापून घेतलं होतं, त्यात ती सातव्या नंबरला होती: ‘सोपी, साडेचार मैल. जंगल, माळ आणि धरणाचं पाणी. म्हाताऱ्यांना झेपेल.’ दरीतली जुनी माणसं मात्र तिला मढेवाट म्हणत. माळावरच्या शेतघरांतली मढी ह्याच वाटेनं खाली ओव्हरबेक गावच्या चर्चमध्ये न्यायची. पुढं शहराला पाणी हवं झालं आणि धरण बांधून ओव्हरबेक चर्चसकट बुडवलं. विचारलं कुणी? कशाला विचारतील! तरी मढी ह्याच वाटेनं येत राहिली. पाण्याच्या काठाशी थांबून प्रार्थना म्हणायची, मग धरणाच्या बांधावरून पलीकडच्या नव्या दफनभूमीत. मढं जुन्या वाटेनंच गेलं पाहिजे, आडवाटेनं नेलं तर ते परत फिरतं, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल.

तीन वर्षांपूर्वी माळ एका नव्या मालकानं घेतला आणि जंगलाच्या तोंडाशी फाटक ठोकून कुलूप घातलं. त्याच महिन्यात व्हेराचा नवरा ॲम्ब्रोज वर माळावरच्या स्कार टॉप ह्या शेतघरात वारला. “मला वाटेनं न्या हं,” एवढंच तो शेवटी म्हणाला होता. व्हेरानं मालकाच्या विनवण्या केल्या. एक दिवस, एक तास उघडा म्हणाली. उत्तर आलं की शिकारीसाठी पाळलेले पक्षी बिथरतील. पक्षी! माणसाच्या शेवटच्या शब्दाची किंमत पक्ष्यांहून कमी? ॲम्ब्रोजला काळ्या मोटारीतून, डांबरी रस्त्यानं, सोळा मैलांचा वळसा घालून नेलं. तेव्हापासून बाईच्या छातीतला जाळ विझला नव्हता, आणि का म्हणून विझावा?

फाटकाशी मालकाचा राखणदार डॅक किल्ल्या वाजवत उभा होता. शेजारी कौन्सिलचे टॅन्सलीसाहेब, काटकुळे, बगलेत कागदांची फाईल.

“आल्या आजीबाई!” डॅक दात काढत म्हणाला. “साहेब, कशाला तंगडतोड करता? ही वाट पाण्यात जाते. पाण्यात जाणाऱ्या वाटेनं कोण जाणार? ही एक म्हातारी सोडली तर इथं कुत्रं फिरकत नाही.”

“फिरकेल कसं? तू बंदूक घेऊन उभा!” व्हेरा कडाडली.

टॅन्सली खाकरले. “मिसेस हॅटर्सली, रागावू नका. एकट्या माणसाच्या चालण्यानं वाट सगळ्यांची होत नाही. वापरणारी माणसं लागतात, बरीच. तुमच्या अर्जावर सही एकच आहे.”

“बाकीच्यांच्या डोक्यावर मालकाचं छप्पर आहे, साहेब. सही करून मुलाबाळांसकट उघड्यावर जाऊ देत का?”

“समजतं मला. पण आज वाटेवर कुणीच दिसलं नाही, तर मला वाट बंद लिहावी लागेल. कायमची.”

डॅकनं कुलूप काढलं, तिघं आत गेले आणि त्यानं मागून पुन्हा कुलूप लावलं. देवदारांच्या जंगलात पाय झडलेल्या सुईसारख्या पानांवर पडत होते, त्यामुळे आवाज असा नव्हताच. पाखरूही बोलत नव्हतं. वर माळावर आले तेव्हा दोन वाजले असतील. नोव्हेंबरचं ऊन आधीच पेंगुळलं होतं, आणि बघता बघता धुकं उतरलं. आधी डोंगर गेला, मग कुंपण, मग दहा पावलांपुढचं सगळंच.

वाटेच्या मध्यावर मढं टेकवायचा लांबट दगड आहे. तिघं तिथं थांबले. व्हेरानं साहेबांना चहा दिला, डॅकला दिला नाही.

“चार वाजेपर्यंत बसू हवं तर,” डॅक म्हणाला. “येतंय का कुणी, बघू.”

तेवढ्यात वास आला. ओल्या लोकरीचा, मेणबत्तीचा, आणि नुकत्याच खणलेल्या काळ्या मातीचा. मग पावलं ऐकू आली. पुष्कळ पावलं, जड, एका तालात. जंगलाच्या बाजूनं, म्हणजे फाटकाकडून.

टॅन्सली हळूच म्हणाले, “माणसं जमवलीत वाटतं?”

“मी... नाही हो. मी कुणाला...”

“मी कुलूप लावलंय,” डॅक म्हणाला. “ह्या हातानं लावलंय...”

धुक्यातून ती पुढं आली. जाड लोकरी कोट घातलेले पुरुष, डोक्यावरून शाली घेतलेल्या बायका. पुढच्यांच्या खांद्यावर पेटी. खांदेकरी पाचच होते. सहावी जागा रिकामी, म्हणून पेटी एका अंगाला कलली होती. डॅकनं हात आडवा केला, “ए... ही खाजगी जागा...” एवढं म्हणाला आणि त्यांचे चेहरे जवळून बघून मागच्या मागं झुडपात बसला.

त्यांनी पेटी दगडावर टेकवली. पुढचा म्हातारा व्हेराकडं वळला. त्याच्या भुवयांतून पाणी निथळत होतं.

“तीन वर्षं फाटकाशी उभे होतो, व्हेरा, आज तुमच्या पाठोपाठ आत आलो,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिच्याइतकाच संताप होता. “त्यानं वाटेनं यायचं म्हटलं, म्हणून आम्ही न्यायला आलो. आणि आम्हालाच कुलूप! गाव बुडवलं ते पुरलं नाही?”

झाकणावर पितळी पाटी होती. व्हेराला नाव वाचायची गरज पडली नाही, ती पाटी तिनंच निवडली होती.

तिनं पेटीवर तळहात ठेवला. लाकूड बर्फासारखं गार होतं. तिला रडू आलं नाही. “बरोबर बोलता तुम्ही,” एवढंच ती म्हणाली.

“एक... एक खांदा कमी आहे,” टॅन्सली म्हणाले. घाबरलेला पण रीतभात न सोडणारा माणूस. त्यांनी फाईल खाली ठेवली आणि पेटीखाली खांदा दिला.

मिरवणूक उतरली. व्हेरा मागून चालली. काठाशी प्रार्थनेला कुणी थांबलंच नाही. पुढचे घोट्यापर्यंत पाण्यात गेले, मग गुडघ्यापर्यंत, आणि पाण्यावर साधा तरंगही उठेना. टॅन्सली डोळे मिटून त्यांच्याबरोबर चालले होते. पाणी त्यांच्या कमरेला लागलं तेव्हा व्हेरानं धावत जाऊन त्यांचा कोट धरला.

“सोडा साहेब! तुमची वाट इथवरच!”

दोघं चिखलात आदळले. मागं बघितलं तर पाणी सपाट होतं आणि धुकं त्यावर टेकलं होतं.

फाईल वर दगडाशीच राहिली होती, म्हणून टॅन्सलींनी व्हेराकडं सँडविचचा कागद मागितला. त्यावर नीट अक्षरात लिहिलं, ‘वाट वापरणारे: तेवीस.’

“खरंच लिहिणार तुम्ही?”

“मी मोजलेत, बाई. आणि वापरणारे जिवंतच हवेत असं कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही.”

डॅक त्या संध्याकाळी किल्ल्या फाटकाला लटकवून दरी सोडून गेला तो गेलाच. डिसेंबरात हुकूम आला. वाट सगळ्यांची ठरली, कुलूप कापलं गेलं. व्हेरा तो कागद घेऊन तडक दफनभूमीत गेली. ॲम्ब्रोजला वाचून दाखवायचा होता.

त्याची कबर हातभर खचली होती. कबरी खणणारा म्हातारा सेथ फावडं टेकून उभा होता.

“दोनदा माती भरली, बाई. सकाळी बघावं तर पुन्हा खाली.”

व्हेराच्या हातात कागद चुरगळला. “गेलास?” ती खड्ड्याकडं बघून ओरडली. “तीन वर्षं मी जगाशी भांडले तुझ्यासाठी, आणि तू गेलास त्या गार पाण्यात, माझ्याकडं एकदा न बघता? दोन शब्द बोलला असतास तर जीभ झडली असती?”

सेथनं तिला बोलू दिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

“त्याचं एक वेळ मी समजू शकतो, बाई. पेट्या कुजतात, जमीन बसते. पण...”

त्यानं फावड्यानं शेजारी दाखवलं. तिथं व्हेराची जागा होती, तिच्यासाठी राखून ठेवलेली. तिथलं गवत अखंड होतं, आणि गवतासकट जमीन खचली होती. तेवढीच लांब, तेवढीच खोल.

“इथं तर मी अजून फावडं लावलेलं नाही,” सेथ म्हणाला.