गावाची शीव आणि लाल दिवा

आकलन केंद्रात आल्यावर डॉ. श्रीनिवास मुळगुंद रोज सकाळी आधी चष्मा पुसत, मग डोक्यावर मेंदूजाळी चढवत आणि त्या दिवशीच्या निबंधाचा प्रश्न वाचत. हिरवा दिवा लागला की त्या दिवसापुरते ते परीक्षक. ज्याला प्रश्न समजला नाही त्याला कोणाचाही निर्णय देता येणार नाही, असा नियमच होता. आजचा प्रश्न होता, 'गावाची शीव कोण ठरवते? साधार चर्चा करा.' दिवा अर्ध्या सेकंदात हिरवा झाला. नऊ वर्षांपूर्वी हा प्रश्न त्यांनीच काढला होता आणि आता त्यांना त्याचा वीट आला होता.

"सर, जांभई देता देता हिरवा लागला तुमचा," यंत्रज्ञ रेहाना इनामदार म्हणाली.

"लागला ना? मग झालं तर."

निबंध यंत्रंच लिहून देऊ लागली, तेव्हा विद्यापीठाने निबंध तपासणं सोडलं आणि निबंधाची तयारी तपासायला घेतली. जाळी घालून प्रश्नावर विचार करायचा, हिरवा दिवा लागला की उत्तीर्ण. पुढे लेखनपट उघडे आणि रीत म्हणून विद्यार्थी चार पानं लिहीत. ती पानं कोणी वाचत नसे. मुळगुंदांनीही वाचली नव्हती, त्याला पाच वर्षं झाली.

आज एकच उमेदवार होती. हेमलता गावित, वय सेहेचाळीस, जमीन मोजणीच्या कार्यालयात बावीस वर्षं भूकरमापक. त्यांच्या पाड्यावरच्या शाळेला इतिहासाचा शिक्षक मिळत नव्हता. बाईंनी पदवी आणली तर जागा त्यांची, असं गावाने कबूल केलं होतं. पाच वेळा लाल दिवा लागला होता. सहाव्यांदा लागला की नाव कायमचं कमी.

पाऊण तास झाला आणि लालच लागला.

हेमलताबाईंनी जाळी काढली आणि केस सारखे केले. "सर, मार्गदर्शिकेतले चारही मुद्दे मला पाठ आहेत हो. शासन, नदीनाले, वहिवाट, लोकमान्यता. मग घोडं पेंड कुठे खातंय?"

मुळगुंद थकलेल्या आवाजात समजावू लागले. हे त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं. "मेंदू सतत पुढचं ताडत असतो, बाई. ताडलेलं आणि समोर आलेलं जुळलं नाही की ठिणगी उठते. विषय समजत गेला की ठिणग्या कमी होतात. बाकीच्यांच्या वीस मिनिटांत विझतात. तुमच्या वाढतच जातात."

"म्हणजे मी ढ."

"सर," रेहाना म्हणाली, "जाळी ठिणग्या मोजते फक्त. समजल्यामुळे विझल्या की कंटाळल्यामुळे, ते तिला कुठे कळतं?"

मुळगुंदांना ते ठाऊक होतं. समितीत दोनदा बोलूनही झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्यांदा बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

"तुम्ही प्रश्न वाचता तरी कसा?" त्यांनी विचारलं.

"मोजणीला जाते तसा. गेल्या गेल्या यंत्र मांडायचं नसतं, सर. आधी लगतच्या सगळ्यांना बोलवायचं, एकेकाच्या बांधावर उभं राहून हद्द बघायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकाच बाजूनं बघून दगड रोवला होता. दोन भाऊ अजून बोलत नाहीत एकमेकांशी."

नाव कमी करायचं बटण दाबताना परीक्षकाच्या डोक्यावर जाळी असावी लागे आणि त्याचा दिवा त्या क्षणीही हिरवाच असावा लागे. मुळगुंदांनी ती घातली, बोट बटणापाशी नेलं आणि मागे घेतलं. त्यांनी खणातून कोरे कागद काढले. "तुम्हाला जे दिसलं ते लिहा. उपयोग काही नाही. पण निदान कोणीतरी वाचलं, एवढं तरी होऊ दे."

बाईंनी दोन पानं लिहिली. मुळगुंद जाळीसकट खुर्चीत रेलून वाचू लागले.

'आमच्या नदीने पात्र बदललं आणि दहा घरं पलीकडे गेली. नकाशात ती आमच्या गावात आहेत. रेशन पलीकडच्या गावात. देवाचा नारळ ते दोन्हीकडे फोडतात. मोजणीला गेले तेव्हा तिथल्या म्हातारीने मला हद्द सांगितली : मयताला खांदा द्यायला जिथवरून माणसं येतात तिथवर आपलं गाव. मी सरकारी दगड दुसरीकडे रोवून आले. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. दोन्ही गावांनी एकमेकांची वाट पाहिली. मग ती कुठल्या गावची?'

मुळगुंद सरळ बसले. त्यांनी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. चारांतला एकही मुद्दा तिथे पुरत नव्हता. त्यांनी मागचं पान उलटलं, पुन्हा पुढचं घेतलं. त्यांचा सगळा शीण कुठल्या कुठे गेला होता.

"सर," रेहाना हळूच म्हणाली, "दिवा."

लाल होता. पटावर अक्षरं उमटली : 'परीक्षकाचे आकलन अपुरे. निर्णय देण्यास अपात्र. उमेदवाराचे नाव कायम.'

हेमलताबाई उभ्याच होत्या. "म्हणजे काय झालं, सर?"

"मला तुमचं नाव कमी करता येत नाही. मला प्रश्न समजलेला नाही," मुळगुंद म्हणाले आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसले.

रेहानाने नियमावली चाळली. "दुसरा परीक्षक बोलवावा लागेल, सर. हिरव्या दिव्याचा."

"बोलव की. पण जाळी घातली की आधी ही दोन पानं वाचायला दे त्याला."