आकडा साठच्या वर

“बाई, एवढं घोटवून घेऊ नका पाळीच्या माणसांकडून,” सातपुते काका म्हणाले होते. “पाठ झालेल्या गोष्टीला घाम येत नाही.”

ही आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. केतकी नाडगौडा तेव्हा पठारावरच्या क्षेपणास्त्र केंद्रात पाळीप्रमुख म्हणून नुकती रुजू झाली होती आणि दर आठवड्याला तालीम घ्यायचं म्हणत होती. काका यंत्रशाळेतले, निवृत्तीला टेकलेले तंत्रज्ञ. नियंत्रणकक्षाच्या भिंतीवरची करडी पेटी फडक्याने पुसता पुसता ते तिला कामाची ओळख करून देत होते.

“ही पेटी आपली नाही, सीमेपलीकडच्यांची. आणि आपली अशीच एक त्यांच्या कक्षात. संभ्रममापक.”

“मोजतो काय नेमकं?”

“खुर्चीच्या हातावर तळव्याचा घाम. श्वास. पावलं. किती माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात. शब्द मात्र ऐकत नाही, गुपितं सुरक्षित. सगळ्यांचा मिळून एकच आकडा इथे दिसतो आणि पलीकडे जातो, शून्य ते शंभर. बाई, ज्याने हल्ला ठरवूनच केलाय त्याला पुढे काय करायचं ते माहीत असतं. तो शांत असतो. ज्याच्या हातून चुकून सुटलं त्याची तारांबळ उडते. म्हणून करारात कलमच आहे. उड्डाणानंतर नऊ मिनिटांत आकडा साठच्या वर गेला तर तो अपघात. नाही गेला, तर युद्ध.”

“आणि कुणी नाटक केलं तर?”

काका खुदकन हसले. “चाचणीला नाटकाची अख्खी मंडळी आणली होती. छाती काय पिटली, धावले काय! आकडा तेवीस. मग जाताना त्यांच्या मॅनेजरची बॅग खरोखरच सापडेना. एकाहत्तर! आणि निम्मं वजन एकट्या पाळीप्रमुखाच्या खुर्चीला. ज्याच्याकडे प्रक्षेपणाची किल्ली, त्याचं मन आधी बघायचं.”

एवढं सगळं ऐकूनही केतकीने ती घोटण्याची गोष्ट हसण्यावारी नेली. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. तीन वर्षांच्या ठकीला ती एकटीने वाढवत होती. ताप आला तर काय, पडली तर काय, काही गिळलं तर काय, अशा तीन चिठ्ठ्या घरी फ्रिजवर लावलेल्या होत्या. चिठ्ठी असली की संकट निम्मं होतं, हा तिचा अनुभव. तिने दर गुरुवारी सकाळी ‘चुकीच्या उड्डाणाची तालीम’ सुरू केली आणि प्रत्येकाच्या टेबलावर रंगीत कार्डं ठेवली. लाल कार्डावर पहिली तीन कामं, पिवळ्यावर पुढची तीन, हिरव्यावर शेवटची ओळ: ‘पाणी प्या.’

तालीम खऱ्यासारखी व्हावी म्हणून सुरुवात खरी कळ दाबूनच व्हायची. त्याआधी प्रक्षेपकाची जोडणी काढायची, एवढंच. ती जाणाऱ्या पाळीने काढायची की येणाऱ्या, हे मात्र कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

त्या गुरुवारी ती कुणीच काढली नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी केंद्रप्रमुख कर्नल इनामदारांनी नेहमीप्रमाणे कळ दाबली, आणि जमिनीतून एक लांब गुरगुर आली. टेबलावरच्या कपबश्या किणकिणल्या. पडद्यावर एक ठिपका उत्तरेकडे निघाला, सीमेच्या दिशेने. त्यात स्फोटकं नव्हती, पण पलीकडच्यांना हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ते कशाला मानणार?

“हे... हे खरंच गेलं का?” कुणीतरी विचारलं.

“खरंच गेलं,” केतकी म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही. कापेल कशाला? हात आपोआप लाल कार्डाकडे गेला होता. कक्षातल्या अकराही जणांचे हात तसेच गेले. एकीने वेळ नोंदवली, एकाने विमानतळांना कळवलं, एकाने थेट तारेवर पलीकडे खेद कळवला. दोघांनी तर पाणीसुद्धा प्यायलं.

“शाब्बास!” कर्नल म्हणाले. “याला म्हणतात शिस्त.”

केतकीने पेटीकडे पाहिलं. चौदा.

क्षणभर तिला वाटलं, पेटी बिघडली. मग थेट तारेवरचा आवाज आला. पलीकडची पाळीप्रमुखही बाईच होती, आवाजावरून चाळिशीची.

“तुमचा खेद मिळाला. पण बाई, तुमचा आकडा चौदा आहे. आमच्याकडे चहाच्या सुट्टीत तीस असतो.”

“ती चूक होती हो! शपथेवर सांगते...”

“शपथ ऐकायला ही पेटी नाही. सहा मिनिटं उरलीत.”

केतकी वळली. “सगळ्यांनी कार्डं खाली ठेवा! घाबरा! ऐकताय ना, हे खरं आहे!”

माणसं तिच्याकडे बघू लागली. एकोणीस. एकाने कार्ड उलटून बघितलं, मागे याबद्दल काही लिहिलंय का म्हणून.

“हुकूम आहे माझा, गोंधळ करा!” कर्नल गरजले. लगेच सगळे उठले आणि हुकमाप्रमाणे, एकापाठोपाठ एक, गोंधळ करू लागले. सतरा.

पाठ झालेल्या गोष्टीला घाम येत नाही.

हसावं की रडावं कळेना. मग तेही मनात मावळलं आणि उरली फक्त ती निम्म्या वजनाची खुर्ची. आपल्याला खरंच काही कळत नसेल तरच आकडा चढेल. खोटं आपलं आपल्याला सांगता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं, आणि ते खोटं आहे हेही आपल्याला माहीत नको.

तिने यंत्रशाळेचा फोन फिरवला. यंत्रशाळेला लागून केंद्राचं पाळणाघर होतं.

“काका,” ती कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, “प्रश्न विचारू नका. पाळणाघरात जा, ठकीला बघा आणि मला फोन करून काहीतरी सांगा. खरं सांगा नाहीतर खोटं. कोणतं, ते मला कळता कामा नये.”

पेटी काकांनीच बसवली होती, त्यांना उलगडून सांगायची गरज नव्हती.

“बाई, हे पाप माझ्या माथी नका मारू.”

“काका, साडेचार मिनिटं.”

फोन ठेवताना तिला सकाळ आठवली. बूट घालताना ठकी म्हणाली होती, “आई, मी आज खाणीतली बदकं बघायला जाणार.” पाळणाघरामागे दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. केतकी घाईत होती. “हो हो, जाऊ हं,” एवढंच म्हणून तिने ठकीच्या वेण्या बांधल्या होत्या. पाळणाघरातल्या बाईंना सांगायचं राहूनच गेलं.

दोन मिनिटांनी फोन वाजला. काकांना धाप लागली होती, आणि त्यांचं ओरडणं कक्षभर ऐकू गेलं.

“बाई, ठकी इथे नाही. मागचं फाटक उघडं आहे. एक बूट पडलाय फाटकापाशी.”

“कुठल्या रंगाचा?”

फोन बंद झाला होता.

मीच सांगायला सांगितलं, ती मनाशी म्हणाली. मीच. पण काका कधी खोटं बोलत नाहीत. पण आज बोलायलाच सांगितलं होतं. पण बदकांचं त्यांना कुठून माहीत? त्यांनी बदकं म्हटलंच कुठे, फाटक म्हटलं. मग बूट? तिचे तळवे खुर्चीच्या हातांवरून निसटू लागले. तिने पुन्हा फोन फिरवला. कुणी उचलेना.

“काय झालं? कोण नाही पाळणाघरात?” मागून एक जण ओरडला. त्याची जुळी मुलं तिथे होती. दुसरी उठली, “फाटक उघडं म्हणजे? बाकीची पोरं?” कार्डं जमिनीवर पडली. दोघं एकाच फोनला झोंबले. कर्नल “शांत व्हा” म्हणाले आणि मग स्वतःच “नको, नको, शांत होऊ नका!” म्हणून घाम पुसू लागले.

चौतीस. बावन्न. अठ्ठ्याहत्तर.

“दिसलं,” थेट तारेवरची बाई म्हणाली. आवाज मऊ झाला होता. “आम्ही थांबतो. तुमचं क्षेपणास्त्र माळावर पडलं, कुणाला लागलेलं नाही. पण कलम चार आठवतंय ना? आमचे निरीक्षक उद्या दुपारी पोचतील. तोवर कक्ष बंद, माणसं तीच, फोन बंद. आणि आकडा साठच्या खाली यायला नको. बनावट भीती लगेच ओसरते, म्हणून ते कलम आहे.”

“थांबा, एकच फोन... माझी मुलगी...”

“तुमच्या मुलीचं काय झालंय ते मला माहीत नाही. पण कळलं की तुमचा आकडा उतरेल, बाई. मग मी काही करू शकणार नाही.”

दाराचे अडसर आपोआप पडले. ठकी सुखरूप आहे असं कळलं, तर जीव भांड्यात पडेल आणि आकडाही. ती सुखरूप नाही असं कळलं तर? केतकीने तोही विचार शेवटापर्यंत नेला, कारण तिला शेवटापर्यंत जायची सवय होती. दुःखात संभ्रम नसतो. आकडा तेव्हाही पडेल. दोन देशांची माणसं उद्या दुपारपर्यंत जगायची, तर एका आईला काहीही कळता कामा नये. काकांना हे तिच्याआधी उमगलं होतं. म्हणूनच त्यांनी मघाशी फोन उचलला नव्हता.

एक वाजता भिंतीतल्या झडपेतून जेवणाचे डबे आत आले. केतकीने डबा उघडलाही नाही. टेबलाखालचं एक हिरवं कार्ड उचललं, ‘पाणी प्या’च्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं आणि ते डब्याच्या झाकणाखाली सरकवून डबा बाहेर ढकलला. पेटीवर त्र्याऐंशीचा आकडा होता.

कार्डावर लिहिलं होतं:

‘हे जो कोणी वाचत असेल त्याला. हातातलं काम ठेवा आणि पाळणाघरात जा. निळा फ्रॉक, दोन वेण्या, उजवी नेहमी सुटलेली. ठकी म्हटलं की ती “काय गं” म्हणते. दिसली तर तिला जेवू घाला, आमटीतल्या मिरच्या काढून. नाही दिसली तर मागच्या फाटकातून खाणीकडे जा, धावत जा. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण आत्ता जा. मला मात्र काही कळवू नका.’