सत्यवतीबाईंच्या पश्चात

अमरावतीत कुठे हळदीकुंकू असो, कवितासंग्रहाचं प्रकाशन असो की कोणाचा समाजभूषण म्हणून सत्कार असो, माइकवर धर्मेंद्र ढोलेच असायचे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे आणि शनिवार-रविवार सूत्रसंचालन करायचे. आवाज खर्जातला, उच्चार असे की ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ पुण्याचे. जन्म खरं तर दर्यापूर तालुक्यातला. पण तिथली बोली त्यांनी एस.टी.त बसतानाच फलाटावर सोडून दिली होती.

ढोले सरांना या कार्यक्रमांची किळस होती. राग नव्हता; राग यायलाही समोरच्याला थोडी किंमत द्यावी लागते. स्वतःच्या सत्काराची शाल स्वतःच पिशवीतून आणणारे अध्यक्ष, निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कवी झालेले बँकवाले, समईजवळ फोटोत यायला एकमेकींना कोपर मारणाऱ्या बाया. व्यासपीठावरून सर त्यांना ‘रसिकहो’ म्हणत. मनात काय म्हणत, ते फक्त मोईजला ठाऊक होतं. मोईज साउंडवाला. वीस वर्षं दोघे एकाच व्यासपीठावर, एक माइकपुढे आणि एक वायरींमागे.

मागच्या जानेवारीत एका महिला मंडळाचा वर्धापनदिन होता. रविवार, सकाळी दहाची वेळ. साडेअकरा झाले तरी प्रमुख पाहुणे बडनेऱ्याहून ‘निघालेच’ होते. स्वागतगीत दोनदा म्हणून झालं. सरांचे विनोद संपले. मंडळाच्या अध्यक्ष बेबीताई घाम पुसत जवळ आल्या.

“सर, अजून धा मिनिटं ओढा ना कसंबी.”

सर माइकजवळ गेले. समोर दोनशे बाया खुर्च्यांवर चुळबुळत होत्या. त्या चेहऱ्यांकडे बघता बघता त्यांच्या मनात एक दुष्ट गंमत आली, आणि आवाज आपोआप खाली उतरला.

“रसिकहो, अत्यंत दुःखद वार्ता. ज्येष्ठ कलोपासक श्रीमती सत्यवतीबाई निंभोरकर यांचं अल्पशा आजारानं निधन झालं. त्यांच्या पश्चात दोन मुली, एक मुलगा आणि नातवंडं असा परिवार आहे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू.”

नाव कुठून आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. खुर्च्या सरकल्या, सगळा हॉल उभा राहिला. सरांनी दोन मिनिटांची सहा मिनिटं केली. पाहुण्यांची गाडी दारात वाजली तेव्हा कुठे ‘धन्यवाद’ म्हटलं. तिसऱ्या रांगेतली एक बाई चक्क पदरानं डोळे टिपत होती.

कार्यक्रमानंतर बेबीताई म्हणाल्या, “बरं झालं सर तुमी आठवण ठेवली. माह्या तं ध्यानातच नोतं.”

“तुम्ही ओळखत होता त्यांना?”

“अमरावतीत कोन ओळखत नोतं?”

बाहेर टपरीवर आलुबोंडा खाताना सर हसून हसून बेजार झाले. “मोईज, हे लोक विजेच्या खांबालाही श्रद्धांजली वाहतील.”

मोईज वायर गुंडाळत होता. तो हसला नाही.

मार्चमध्ये अकोल्याला कविसंमेलन होतं. पाहुणे वेळेवर आले होते, गरज काहीच नव्हती, तरी सरांनी सत्यवतीबाईंना पुन्हा एकदा मारलं. माणूस किती खालपर्यंत जातो ते बघायचं होतं. बत्तीस कवी मान खाली घालून उभे राहिले. नंतर खुशालराव नावाचे एक निवृत्त मास्तर जवळ आले. त्यांचे डोळे लाल होते.

“माह्या बहिणीले पेटी शिकवली होती त्यायनं,” ते म्हणाले. “डाव्या हाताले अंगठा नोता बाईच्या. चार बोटांनी भाता मारत. पण सूर कधी तुटला नाही.”

सरांनी गंभीरपणे त्यांचा हात दाबला. गाडीत बसल्यावर मोईजला म्हणाले, “बघितलंस? या महाशयांनी अंगठाही कापला.”

एप्रिलमध्ये चांदूर रेल्वेला भजनस्पर्धा. भर दुपार, पत्र्याचा मंडप, पंख्यांची गरम हवा. तिसऱ्यांदा श्रद्धांजली झाली. सगळे खाली बसत असताना पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीच्या कानाशी वाकली. म्हातारीला ऐकू कमी येत असावं, कारण ती मोठ्यानं बोलली.

“थे चार बोटांची बाई गेली म्हने.”

सरांच्या हातातला कार्यक्रमाचा कागद एकदम जड झाला. नंतर त्यांनी म्हातारीला गाठलं. ती आयुष्यात अकोल्याला गेली नव्हती. खुशालरावांना ओळखत नव्हती. चार बोटांचं तिला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तिनं सरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “सांगाले कायले पायजे? पाह्यलं ना म्या.”

परतताना बडनेऱ्याचा पूल आला तेव्हा मोईज म्हणाला, “सर, हे बंद करा. मेलेला मानूस जाते. जे जलमलीच नाही थे कुठी जाईन?”

सर खेकसले, पण बंद मात्र केलं. घरी बसून त्यांनी रीतसर छडाही लावला. गावातल्या दोन निंभोरकर घरांत विचारलं; सत्यवती नावाची कोणी नव्हती. भजनी मंडळांच्या याद्या पाहिल्या, त्यांत नव्हती. अफवा अशाच पसरतात, एक जण खोटं बोलला की दहाजण त्यात आपली भर घालतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि लोकांविषयीचा तिरस्कार आणखी पक्का केला.

पण सरांनी सोडलं तरी बाईंनी सोडलं नाही. मूर्तिजापूरला दुसऱ्याच निवेदकानं त्यांना आदरांजली वाहिल्याचं वर्तमानपत्रात आलं. पावसाळ्यात एका शाळेनं त्यांच्या नावाचा फिरता करंडक ठेवला. दिवाळीत एका विशेषांकात कोणीतरी त्यांच्या आठवणी लिहिल्या. लेख वाईट होता, पण चार बोटं त्यातही होती.

जानेवारीत पत्रिका आली. कै. सत्यवतीबाई निंभोरकर यांचं प्रथम पुण्यस्मरण. नांदगाव खंडेश्वर, रविवार, सकाळी अकरा. सूत्रसंचालन प्रा. धर्मेंद्र ढोले. खाली ‘विनीत, समस्त परिवार’ एवढंच. माणसाचं नाव नाही, फोन नंबर नाही.

सरांनी मोईजला पत्रिका दाखवली. त्यानं ती हातातही घेतली नाही.

“मी नाही येत.”

“अरे, भामटे आहेत. नसलेल्या बाईच्या नावावर मिरवायला निघालेत. भर सभेत उघडं पाडतो.”

“तुमी पाडा सर. मले नका नेऊ.”

सर एकटेच निघाले. थंडीचं स्वच्छ ऊन होतं. रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर चालले होते, दोन्ही बाजूंना तुरीची काढणी. तो सगळा भाबडा, धुळकट मुलूख काचेतून बघताना त्यांना बरं वाटत होतं. मनात वाक्यं जुळत होती. मित्रहो, आज तुमच्याच मूर्खपणाचं पुण्यस्मरण.

हॉल भरलेला होता. दीडशे माणसं तरी असतील, आणि आवाज नव्हता. लेकरू रडत नव्हतं, मोबाइल वाजत नव्हता. बेबीताई होत्या. खुशालराव होते. चांदूरची म्हातारी होती. व्यासपीठावर टेबल, त्यावर झेंडूचा हार घातलेली फ्रेम. फ्रेममध्ये कोरा पांढरा कागद.

पन्नाशीची एक बाई लगबगीनं पुढे आली. फिकं सुती लुगडं, रडून सुजलेले डोळे. तिच्यामागे तिच्यासारखीच, थोडी लहान.

“आले काय सर. लय वाट पाहून राहिलो. मी मोठी. हे लहानी.”

“नाव काय आपलं?”

बाईनं प्रश्न न समजल्यासारखं पाहिलं. “मोठी,” ती म्हणाली.

सरांनी फ्रेमकडे बोट केलं. “फोटो नाही लावला?”

“कशी दिसे थे तुमी सांगतलंच नाही.”

सर तिला भिंतीशी घेऊन गेले. आवाज हळू ठेवला, पण शब्द निवडून टोचणारे काढले. “हे बघा बाई, ही नाटकं माझ्यापुढे चालायची नाहीत. सत्यवतीबाई नावाची कोणी नव्हती. पाहुण्याला उशीर झाला म्हणून मी ती रचली. तिला मुली नाहीत. तुम्ही कोण आहात ते खरं सांगा.”

ती चिडेल, गडबडेल, निदान नजर तरी चुकवेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं मान डोलावली.

“हो नं. तुमीच सांगतलं. नाईतं आमाले तरी कसं कयलं असतं?”

सर एक पाऊल मागे सरकले.

“एक इचारू काय सर?” तिचा आवाज कापत होता. “तुमी अल्पसा आजार म्हनलं. कोनता आजार होता? लय दुखलं काय मायले?”

ते दुःख खोटं नव्हतं. वीस वर्षं सरांनी व्यासपीठावरून खोटे अश्रू पाहिले होते, त्यांना फरक कळत होता.

“नाही,” ते म्हणाले. “दुखलं नाही.”

मोठीनं डोळे मिटले. लहानीनं तिचा हात धरला. मग लहानी पहिल्यांदाच बोलली.

“सर, चांदूरले तुमी दोन मुली म्हनले, नातवंडं म्हनले. भाऊ नाही म्हनले.”

सरांनी आठवून पाहिलं. चांदूरला ऊन होतं, माइक शिट्टी मारत होता, ते घाईत होते. मुलगा राहून गेला असेल.

“तवापासून भाऊ घरी आला नाही,” लहानी म्हणाली. “आज सांगा सर. नीट सांगा.”

सर व्यासपीठावर चढले. भाषण तयार होतं. ‘अशी कोणी बाई नव्हती’, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी दीडशे चेहऱ्यांकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या त्या दोघींकडे. हे वाक्य म्हटल्यावर त्या दोन खुर्च्यांवर काय उरेल, हा विचार मनात आला आणि ते वाक्य त्यांनी गिळलं.

“सत्यवतीबाई निंभोरकर,” ते म्हणाले. आवाज आपलाच आहे की नाही, ते त्यांना कळेना. “त्यांच्या पश्चात दोन मुली, एक मुलगा आणि नातवंडं असा परिवार आहे. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.”

खुर्च्या सरकल्या. सगळ्या माना खाली गेल्या.

दार उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन आणि तीन पायऱ्या. उन्हात कोणी नव्हतं.

पहिल्या पायरीवर चप्पल वाजली. मग दुसऱ्या.

तिसरीवर कोणीतरी थांबलं. एक चप्पल काढल्याचा आवाज झाला. मग दुसरी.

सरांना दारात फक्त ऊन दिसत होतं.

मोठीनं मान खाली ठेवूनच आपली खुर्ची वीतभर बाजूला घेतली.

“नाव सांगा सर,” लहानी हळूच म्हणाली. “बिननावाचा थो आत कसा येईन?”

सरांनी माइक दोन्ही हातांनी धरला. राम, गोविंद, काहीही चाललं असतं. विद्यार्थ्यांची नावं, अध्यक्षांची नावं, वडिलांचं नाव, ते एकेक आठवू लागले. कुठलंच येईना.

दोन मिनिटं केव्हाच सरली होती. कोणी मान वर केली नव्हती.

बाहेर, तिसऱ्या पायरीवर, कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.