दोन बोटांचं अंतर

शिरगावची हळद आटोपली होती. टेम्पोवाला "निघालोच" म्हणाला होता, म्हणजे अजून अंघोळ करत असणार. रिकाम्या मांडवात स्पीकरच्या खोक्यांवर तिघं बसले होते: भगवंतकाका आणि त्याच्या साउंडवर कामाला असलेली दोन पोरं. स्वरा मिक्सर सांभाळायची, चिराग वायरी.

"काका, भूतबित पाह्यलंय का कधी?" चिरागने जांभई देत विचारलं.

"मी नाय पाह्यलं. पन माज्या ओळखीच्या एका पोराने आयकलंय. माज्याच माईकवर. खोटं निघालं तर ही वायर धरून मरेन."

"वायर बंद हाय, काका," स्वरा म्हणाली.

काका हसला नाही. तारीख त्याला पाठ होती. अकरा डिसेंबर, गुरुवार. अमावास्या नाही की काही नाही. त्याने जे सांगितलं ते असं.

सुजित तेव्हा तेवीस वर्षांचा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. बाप चंद्रभान, मूळचा जळगावकडचा, तारा-पाळ्यांच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर. बापाने शेवटचं सांगून ठेवलं होतं: शुक्रवारी सकाळी सातला माझ्याबरोबर गेटवर यायचं आणि हेल्पर म्हणून लागायचं. गिटारने पोट भरत नसतं. बापाचं पोट आजवर कशाने भरत आलं, हे सुजितला अजून कळायचं होतं.

सुटकेची एकच फट होती. मुंबईच्या एका बँडला गिटारवाला हवा होता. बँडची प्रियदर्शिनी त्याला फोनवर म्हणाली होती, "सकाळी सहापर्यंत ट्रॅक पाठव. पण फोनवर रेकॉर्ड केलेला नको. फोनवर तुझा ॲम्प ऐकू येत नाही, तुझी खोली ऐकू येते. माईक ॲम्पच्या जाळीला लावून घे."

सुजित भगवंतकडे माईक मागायला गेला. काकाने आधी अक्कल शिकवली. "फोनवर काय वाईट येतं रे? आमी भोंग्यावर वाजवलंय, भोंग्यावर!" मग दोन माईक दिले आणि कुंभवलीतल्या गोदामाची किल्लीही दिली. सहा खोल्यांची चाळ होती ती, आणि गोदाम म्हणजे तिची शेवटची खोली. दिवसा तिथे वाजवायची सोय नव्हती. दारावर खडूने 'नाईट' लिहिलेलं असलं की आत पाळी करून आलेला माणूस झोपलाय, कडी वाजवायची नाही, हा तिथला कायदा. रात्री मात्र सगळी चाळ तिसऱ्या पाळीला. ओरडलं तरी ऐकायला कोणी नाही.

खोली आठ महिने उघडली नव्हती. फरशीवर वसाहतीची पिवळट धूळ साचलेली. सुजितने आतून कडी लावली. ॲम्प, म्हणजे गिटारचा स्पीकरचा खोका, भिंतीशी ठेवला. त्याच्या जाळीपासून दोन बोटांवर एक माईक, स्पीकरच्या मधोमध. दुसराही तेवढ्याच अंतरावर, जरा कडेला. दोन्हींच्या वायरी लॅपटॉपला. आणि पडताळा म्हणून चार फुटांवर एका स्टुलावर फोन, रेकॉर्डिंग चालू करून. अकरा वीसला पहिला टेक घेतला.

हेडफोन लावून त्याने आधी फोनवरचं ऐकलं. डब्यात दगड खुळखुळावेत तसा सूर. पत्र्याची थरथर, लांबून कुत्रं, त्याच्या स्वतःच्या चपलेची करकर. खोली सगळी आली होती, ॲम्प कुठेच नव्हता. मग त्याने माईकवरचं लावलं आणि तो खूश झाला. जाड, कोरडा, छातीवर हात ठेवावा तसा सूर. बाई खरं बोलत होती.

दोन ओळींच्या मध्ये त्याने तार दाबून धरली होती. त्या शांततेत कोणीतरी बोललं.

"भोंगा झाला काय?"

सुजितने फाईल मागे घेतली. पुन्हा तेच. पुरुषाचा आवाज, दमलेला. कुठला तरी रेडिओ पकडला असेल, असं त्याने ठरवलं. वायरी बदलल्या. बारा वाजून पाच मिनिटांनी दुसरा टेक घेतला.

"भोंगा झाला काय? ... मला आयकू नाय आला."

दोन्ही माईकवर होतं. फोनवर नव्हतं.

 त्याला माईकची जात माहीत होती. तोंडाशी असेल तेवढंच असा माईक धरतो, मागचं सोडून देतो. फोन मात्र खोलीतली मुंगीसुद्धा धरतो. चार फुटांवरच्या फोनला आवाज आला नव्हता. म्हणजे बोलणारा खोलीत नव्हता. तो जाळी आणि माईकच्या मधे होता.

दोन बोटांत.

त्याने माईककडे पाहिलं. माईक तसाच होता. त्याने भगवंतला फोन लावला. एक वाजून दहा मिनिटं.

"काका, ह्या खोलीत कोण राहायचं?"

पलीकडे काका उठला, दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"काका."

"देवू," शेवटी काका म्हणाला. "शिरगावचा. सात वर्सं झाली. सायकलवरून तिसऱ्या पाळीला गेला. पहाटे टाकीपाशी मेला. पाळी सुटायचा भोंगा व्हायच्या आदी."

"मग?"

"मग काय ... हजेरीचं पान बदललं. त्या रात्री देवू पाळीवर आलाच नव्हता, असं लिवलं. भायेर कुठंतरी पिऊन पडला असंल, असं लिवलं."

"लिहिलं कोणी?"

"तुज्या बापाने."

"आणि साक्ष कोणी दिली?"

पलीकडे तंबाखूची डबी उघडल्याचा आवाज आला.

"मला खोली देताना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस काय?"

सुजितने फोन कापला.

मांडवात स्वराने इथेच काकाला अडवलं. "साक्ष तुमी दिलीत?"

अशा वेळी म्हाताऱ्यांकडे नेहमी तंबाखू असते. काकाने ती काढली, मळली, मळतच राहिला. चिरागने मान वळवली. स्वराने वळवली नाही. "सांगा ना पुढं," ती म्हणाली. "आता थांबायचं नाय."

पुढं असं. सुजितसमोर दोन रस्ते होते. फोनवरचा टेक स्वच्छ होता, पण तो पाठवला की प्रियदर्शिनी दहा सेकंदांत बंद करणार आणि सातला गेट. माईकवरचा टेक सोन्यासारखा होता, पण त्यात मेलेला माणूस बोलत होता. तिसरा रस्ता कडी काढून पळण्याचा. बाप, काका, सगळे तोच सांगतील. ते जन्मभर पळालेच होते, फक्त खुर्चीत बसून.

त्याने मांडी घातली. ॲम्पसमोर. अगदी जवळ.

"देवूदादा," तो म्हणाला.

काही नाही.

"तुमचं नावच पानावरून काढलंय. पाळीवर नाव नाही. मग पाळी सुटणार कशी?"

दिव्याची वायर हलली. वारा नव्हता.

"माझ्या बापाने काढलं." त्याचा आवाज फाटला, पण खाली आला नाही. "आणि उद्या तो मला तिथंच नेतोय. मी जाणार नाही. तुम्हीही थांबू नका."

त्याने हेडफोन चढवले. दोन्ही माईक उघडे होते, रेकॉर्डिंग चालू. आता थेट कानात येत होतं.

श्वास.

त्याचा नव्हता.

"भोंगा ..."

"थांबा," सुजित म्हणाला. "देतो."

ॲम्पची सगळी बटणं त्याने शेवटपर्यंत फिरवली. गिटार जाळीसमोर धरली. एक तार दाबली, वर ओढली आणि सोडलीच नाही. सूर स्पीकरमधून निघून तारेत शिरला, तारेतून परत स्पीकरमध्ये. चढला. आणखी चढला. वसाहतीत पाळी सुटताना होतो ना, तसाच. पत्रे वाजले. दिवा पिवळा पडला. बोट कापलं. त्याने सोडलं नाही. एक मिनिट. दीड. बाहेर कुत्री एकदम गप्प झाली.

मग त्याने हात काढला.

शांतता.

कानात ... काही नाही. श्वासही नाही. नुसती ॲम्पची घरघर.

रात्रभर तो वाजवत बसला. पुढच्या एकाही टेकमध्ये कोणी बोललं नाही. पण पहाटे पाच चाळीसला त्याने पाठवला तो स्वच्छ टेक नव्हेच. दुसरा टेक पाठवला, शेवटी भोंगा जोडून. माईकवरचा. देवूचा शब्द न कापता.

सव्वासहाला उत्तर आलं. "टोन जबरदस्त. शेवटचा भोंगा कुठल्या पेडलवर घेतलास? आणि मधे कोण बोलतंय? राहू दे ते. सोमवारी ये."

साडेसहाला कडी वाजली. सुजितने उठून दार उघडलं. दारात चंद्रभान, इस्त्रीचा शर्ट, हातात पोराच्या कागदांची फाईल.

"चल. तोंड धू. पहिल्याच दिवशी उशीर नको."

सुजितने लॅपटॉप ओढला. माईकवरची फाईल स्पीकरवर लावली. दोन ओळींच्या मधल्या शांततेत तो दमलेला आवाज आला. चंद्रभानने ओळखला. चेहऱ्यावरून कळत होतं.

"काढून टाक ते," तो हळू म्हणाला.

"पाठवलं."

"सुजित, मी बाप आहे तुझा. मला घर होतं, तू होतास ..."

"त्यालाही घर होतं, बाबा. हजेरीत काय लिहिलंत ते आज गेटवर जाऊन सांगा. नाहीतर मी सांगतो."

चंद्रभानची मान खाली गेली. आणि तो एकदम दोन पावलं मागे सरला, उंबऱ्याबाहेर. बाप पाहत होता तिकडे सुजितने पाहिलं.

धुळीत एक रेघ होती. सायकलच्या चाकाची, खाचाखाचांची, ताजी. ॲम्पच्या जाळीखालून निघालेली. सुजितच्या रात्रभराच्या ठशांवरून ती दारापर्यंत गेली होती. दाराला तर आतून कडी होती, ती आत्ता त्यानेच काढली होती. रेघ उंबरा ओलांडून अंगणात उतरली होती. तिच्या बाजूला पावलं नव्हती.

दोघं तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. तिथून डावीकडे वसाहत, उजवीकडे पालघरचा रस्ता, पुढे शिरगाव.

रेघ उजवीकडे वळली होती.